खंडेनवमीला कोरडा पडलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दारा-खिडकीचा नव्हे हं! पाणी गाळायचा, प्लॅस्टिकच्या जातीचा, कांद्याच्या सालीइतका पातळ. त्यामुळे जन्मापासून मला धाकधूक फार.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काचेवर रसायनाचा थर ओढून मला बनवलं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवलं. तेव्हापासून पाणी हेच माझं घर. ओला आहे तोवर माझी बारीक छिद्रं शाबूत. वाळलो की संपलो.

१९८० साली मी भोसरीच्या एका कारखान्यात आलो. तिथे सायकलच्या भागांना निकेलचा मुलामा देत. भाग धुतलेलं हिरवं, विषारी पाणी सरळ ओढ्यात जाई, आणि ओढ्याकाठी होती मोशीच्या तानुबाईंची विहीर. एक दिवस त्या फाटकात येऊन मालकांवर कडाडल्या, "आवं अण्णासाहेब, म्हस पान्याला त्वांड लावंना! आमी काय प्यायचं?"

म्हणून मला आणून एका बंद पेटीत, पाण्यात बसवलं. पंप ते पाणी जोराने माझ्यावर ढकली. निकेल मी अडवायचो, स्वच्छ पाणी पलीकडे सोडायचो. तानुबाईंची म्हैस पुन्हा पाणी पिऊ लागली. कामगार म्हणाले, "काय कमाल आहे राव!" पण मला कुठली झोप? मला चीर पडली तर त्या विहिरीचं काय होईल, हाच घोर.

माझी देखभाल सोपानराव करत. लातूरकडचा मायाळू माणूस. केमिस्ट प्रभावतीबाईंनी त्यांना बजावलं होतं, "पंप बंद असला तरी पेटीतलं पाणी काढायचं नाही हं."

पण खंडेनवमी आली! सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजायचा दिवस. बाई रजेवर होत्या. सोपानरावांनी पेटीतलं पाणी सोडून दिलं, मला मऊ फडक्याने टिपलं आणि पेटीला हळदीकुंकू लावलं. "वर्साचा सण हाय. लेकराला वल्लं कसं ठेवावं?"

अहो, नको हो! पण मला तोंड कुठे होतं? दसऱ्याला कारखाना बंद. माझ्या कडा आवळत चालल्या. येईल का कुणी? घालील का तांब्याभर पाणी? कुणीच आलं नाही.

सुट्टी संपली, पंप सुरू झाला आणि मी टर्रकन फाटलो. पलीकडच्या नळीतून हिरवं पाणी आलं. सोपानरावांनी झटकन ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला.

"अहो, माल अडकलाय," अण्णासाहेब ओरडले. "आजच्या दिवस जाऊ दे ओढ्यात!"

सोपानरावांचा हात व्हॉल्व्हवरून निघेना. "चूक माझी हाय, साहेब. मला घरी बसवा. पण तानुमावशीच्या हिरीत हे जाणार न्हाई."

अण्णासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पंपाकडे, आणि पंप बंद करायला सांगितला. नवा पडदा येईपर्यंत मुलामा थांबला. विहीर वाचली.

मी काही वाचलो नाही. प्रभावतीबाईंच्या कपाटात पडून असतो. सोपानरावांवर रागावू तरी कसा? त्यांनी मायेनेच पुसलं. पण मित्रांनो, माया करण्याआधी समोरच्याला काय मानवतं ते विचारत जा. माझ्या जागी आता नवा पडदा आहे, आणि पुन्हा खंडेनवमी येते आहे. माझा जीव टांगणीला लागलाय. कुणीतरी जाऊन पेटीत पाणी आहे का, तेवढं बघा हो!