फुगलेल्या गालांचं चित्र

खरं तर पडद्यामागच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत, असं आम्हा चित्रांमध्ये ठरलेलं आहे. पण बेडकीच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? तर ऐका, मी कॉम्प्युटरमधली हिरवी बेडकी बोलतेय.

माझा जन्म उच्चार शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत झाला. कमी ऐकू येणारी मुलं त्यांच्याकडे ओठ बघून बोलायला शिकतात. बाईंची धाकटी बहीण चित्रकार. सगळी मुलं तिला मावशी म्हणायची. तिनं आरशासमोर बसून एकेक अक्षर म्हटलं आणि प्रत्येकासाठी माझं वेगळं तोंड काढलं. 'ब'साठी तर ओठ घट्ट मिटवून गाल टम्म फुगवले.

"अगं, ही बोलतेय की फुटतेय?" बाई हसल्या.

"ओठांमागे हवा साठते ना? ती मुलांना दिसायला नको?" मावशी म्हणाली.

किती मुलं माझ्यासमोर बोलती झाली! मग आमच्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. मावशीच्या मुलीनं, म्हणजे ताईनं, मला सीडीवरून काढून टॅबलेटवरच्या नव्या प्रोग्रॅममध्ये आणलं. पहिल्या दिवशी मी कमरेपर्यंत जमिनीत! जुना प्रोग्रॅम माझी जागा पायापासून मोजायचा, नवा पोटापासून. शिवाय नवं यंत्र वेगवान, त्यामुळे मी तव्यावरच्या पाण्यासारखी तडतड उडत होते. ताईनं सगळं नीट केलं. हुशारच आहे ती. पण साफसफाई करताना तिला माझं फुगलेलं तोंड दिसलं.

"हे चुकून राहिलेलं दिसतंय," असं पुटपुटून तिनं ते काढून टाकलं. मी ओरडले असते, पण माझा आवाज अजून जोडायचा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे शिकणारी छोटी आली, आजोबांचं बोट धरून. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. छोटी मात्र "आआ" म्हणायची, आणि आबा तेवढ्यावरही "ओ" द्यायचे. ताईनं टॅबलेट पुढे केला. मी म्हटलं, "आबा." तोंड उघडं, मिटलेलं, उघडं. गाल फुगले नाहीत तर 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात. छोटीनं अगदी तस्संच केलं.

"आमा."

"वा! आआ होतो, आता आमा झालो. बढतीच की!" आबा म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत बसले.

बाई पुढे वाकल्या. "हिचे गाल कुठे गेले गं?"

"कुठले गाल?" ताईनं विचारलं. बाईंनी स्वतःचे फुगवून दाखवले. ताईनं जीभ चावली आणि सीडी आणायला धावली.

ते चित्र परत आलं. मी गाल फुगवले. छोटीनंही फुगवले, इतके की डोळे बारीक झाले.

"आ... बा!" माझ्या तोंडावर थुंकी उडाली. उडू दे.

"काय म्हणालीस?" आबा कानाशी हात नेत म्हणाले. "माझे कान गेले बघ. परत म्हण."

तिनं परत म्हटलं. त्यांचे कान काही लवकर बरे झाले नाहीत.

आता माझा रंग उजळ आहे, उडी मऊ आहे, आणि नवं घर मला शोभतं. फक्त एक सांगणं आहे. जुन्या चित्रांना नव्या घरी जरूर न्या, पण त्यांच्यातलं वेडंवाकडं टाकून देण्याआधी ते रेखाटणाऱ्याला एकदा विचारा, कारण पुष्कळदा तेच—

"बेबकी! ये!" छोटी हाक मारतेय.