खर्जाची जागा

वडिलांनी मला तीस वर्षं पियानो शिकवला आणि एकदाही कुणाबरोबर वाजवू दिलं नाही. का, ते मला कळायला लागलं गेल्या मंगळवारी, आणि तेही परक्या माणसाकडून.

बाबा एका हॉटेलच्या लॉबीत सव्वीस वर्षं एकटे जॅझ वाजवत. त्यांचा जीव बॅलडवर. बॅलड म्हणजे अगदी संथ गाणी. दोन सुरांच्या मधे माणूस चहा पिऊन येईल एवढी फट. ती फट कशी भरायची तेच मी नवव्या वर्षापासून शिकले. डावी करंगळी खाली खर्जावर, बाकीची बोटं मधल्या सुरांवर, उजव्या हातात गाणं. "तळ सुटला की गाणं बुडालं," म्हणत ते माझ्या करंगळीला पेन्सिलीने टोचायचे. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर फटी बुजवायच्या आणि घरी येऊन पुन्हा फटीच बुजवायच्या. तरी वाजवणं मला मनापासून आवडायचं, आणि ते चारचौघांत वाजवायचं होतं. "अजून तयारी नाही," बाबा म्हणायचे. विशीत म्हणाले, तिशीतही म्हणाले.

एकोणचाळिसावं लागल्यावर मी विचारणंच सोडलं. जॅझ वाजवणाऱ्या एका त्रिकुटातला पियानोवाला गाव सोडून गेल्याचं कानावर आलं आणि मी बाबांना न सांगता गेले.

रंगाच्या दुकानावरच्या खोलीत ते सराव करत. ड्रम वाजवणारी बाई शाळेत ग्रंथपाल होती. उभा बास, म्हणजे माणसाएवढं खर्जातलं तंतुवाद्य, वाजवणाऱ्या उंच माणसाला सगळे उंट म्हणत, आणि त्याचीही काही हरकत दिसली नाही. मला पाठ असलेलंच एक बॅलड निघालं. मी खूश झाले. चौथ्या ओळीला उंट थांबला.

"ताई, तुमची करंगळी माझ्या घरात शिरतेय."

"म्हणजे?"

"खर्ज बासचा, म्हणजे माझा. तुम्हीपण तोच धरलात तर एका खुर्चीत दोघं बसल्यासारखं होतं. खालची जागा मोकळी सोडा, बाकी सगळं तुमचं."

एवढंच ना, म्हटलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच ओळीला करंगळी खाली गेली. तिसऱ्या वेळी मी ती आखडून धरली, तर अख्खा डावा हात लाकडासारखा झाला. ड्रमवाली हळूच म्हणाली, "डावा हात मांडीखाली घेऊन बसा बरं थोडा वेळ."

एकोणचाळिसाव्या वर्षी मी स्वतःच्या हातावर बसले. नुसत्या उजव्या हाताने गाणं वाजवलं. खालून उंटाचा बास चालत होता, तारांचे ब्रश ड्रमवर सळसळत होते आणि मला काहीही सांभाळायचं नव्हतं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मला हेच हवं होतं, बाकी काही नको. मग हात बाहेर काढला आणि करंगळी गेली आपली सरळ खाली.

"एकट्याने तुम्ही फार सुंदर वाजवत असणार," उंट म्हणाला, "पण हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात. कुणाकडे शिकलात?"

मी बाबांबद्दल सांगितलं. नाव ऐकताच त्याने बास भिंतीला टेकवून ठेवला.

"ते हॉटेलच्या आधी माझ्या काकांबरोबर वाजवायचे, दोन वर्षं. काकांनी त्यांना याच कारणावरून काढलं. त्यांना हे चांगलंच माहीत आहे, ताई." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तीन आठवडे थांबतो. त्यापुढे दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल."

घरी बाबा टेबलाशी बसून सफरचंद सोलत होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"खर्ज सोडायचा असतो, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

मी कुणाकडे गेले होते हेही त्यांनी विचारलं नाही. "होतं," म्हणाले.

"मग?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस. मला ज्यांनी हाकललं त्यांच्यातच जाऊन बसली असतीस." साल तुटू न देता ते सोलत राहिले. "आणि मी इथे संध्याकाळी भिंती ऐकत बसलो असतो."

 वाटलं, पियानोचं झाकण आपटावं, यांना बोल बोल बोलावं, उद्यापासून वेगळी खोली बघावी. पण तीन आठवडेच हातात होते, आणि हातांची ही खोड ज्याने लावली त्याच्याशिवाय दुसरा शिक्षक मला ठाऊक नव्हता. म्हणून राग गिळून मी त्यांच्यासमोर बसले.

"ठीक आहे. झालं ते झालं. आता शिकवा. खर्ज सोडून कसं वाजवायचं ते आजपासून शिकवा."

बाबांनी सुरी खाली ठेवली. 

"मला ते येत नाही गं," ते म्हणाले. "आलं असतं तर काढलं कशाला असतं मला?"

तीस वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलले होते, आणि मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.