कपाटावरच्या चपला

सकाळी सहाला तिने दूध तापवले, पोस्टमन नवऱ्याच्या उशाशी चहा ठेवला आणि त्याच्या प्लास्टरमधल्या पायाखालची उशी सारखी केली. वॉकर तिने माळ्यावर टाकला होता, चपला कपाटावर. डॉक्टरांनी रोज थोडे चालायला सांगितले होते. पण एकतीस वर्षे दारोदार पत्रे वाटत फिरलेला माणूस सतरा दिवस तिच्या हाती लागला होता. त्याला सोडणे तिच्या जिवावर येत होते.

"अगं, तुरुंगातसुद्धा फेऱ्या मारू देतात."

"तिथे उशाशी चहा देतात का? पडून राहा गुमान."

नवाच्या सुमारास त्याला धाप लागली. ओठ निळे पडले. दुपारी ती अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभी होती. त्याच्या जांघेतल्या एका नळीतून काळपट रक्त मशीनकडे जात होते, दुसरीतून लालभडक होऊन परतत होते.

"पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊन अडकलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय पार थकलंय, त्याचं काम सध्या मशीन करतंय. आता गाठ विरघळवायचं औषध द्यायचं. पण त्यानं रक्तस्रावाचा धोका असतो. इतक्यात कधी पडले होते? डोक्याला मार?"

"नाही," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन घेतले.

परवाच, ती दुकानात गेली असताना, तो चपलांसाठी स्टुलावर चढला आणि पडला होता. डोक्याला टेंगूळ आले. "कुणाला सांगू नकोस, हसतील," तो म्हणाला. तिने बर्फ लावला, आणि स्टूलही लपवले.

आत नर्स औषध भरत होती. ते पाहून बायकोने सही न करताच पेन खाली ठेवले.

"बाई, थांबा. पडले होते. परवा. माझ्यामुळे."

तिने सगळे सांगितले, वॉकरचेही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तेच तिला जड गेले.

"आधी डोक्याचा स्कॅन करू. तोवर मशीन सांभाळेल."

डोक्यात रक्त साकळलेले नव्हते. तरीही औषध कमी मात्रेत, गाठीपर्यंत नेलेल्या बारीक नळीतून सावकाश दिले गेले. चौथ्या दिवशी मशीन काढले.

"सांगितलंस वाटतं सगळं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारले.

"सांगितलं."

"हसले?"

"नाही."

"कमाल आहे."

"उद्यापासून उभं करायचं हं यांना," नर्स जाता जाता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून चपला काढल्या, रुमालाने धूळ पुसली. प्लास्टरमुळे एकच लागणार होती. तिने दोन्ही खाटेखाली ठेवल्या, दाराकडे तोंड करून.