चार इंचांची मुजोरी

मित्रांनो, मी एक जुनी सँडल आहे. उजव्या पायाची. डावी माझी जुळी बहीण, पण ती लाजाळू, म्हणून दोघींच्या वतीने मीच बोलते. चार इंचांची टाच आहे मला, आणि तिचा मला माज आहे. आधीच सांगून ठेवते, नंतर तक्रार नको.

माझा जन्म चंदनसारच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पट्टे कापले, सोल चिकटवला, टाच ठोकली, सोनेरी बक्कल लावलं आणि मला वसईच्या दुकानात काचेमागे बसवलं. तिथून सालोमीने मला स्वतःच्या लग्नासाठी उचललं. चर्चमध्ये मी अशी टकटक वाजले, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा प्रार्थना सोडून वळल्या. पण फोटो आले आणि घोळ झाला. नवरा कॉन्रॅड सालोमीच्या कानापर्यंतच पोचत होता. सासूबाई बोलल्या, "सूनबाई, ही शिडी परत पायात दिसता कामा नये!"

झालं. माझी रवानगी माळ्यावर, फाटक्या मच्छरदाणीखाली. कित्येक वर्षं अंगावरून झुरळं हिंडली.

मला खाली काढलं सालोमीच्या भाचीने, ॲनिशाने. पोरगी पाच फूट दहा इंच. शाळेत तिला 'खांब' म्हणायचे. तिला मॉडेल व्हायचं होतं. तिची आई म्हणायची, "त्यात काय करियर? नटून नुसतं उभं राहायचं. उभं तर मी रोज रेशनच्या लायनीत राहते."

नुसतं उभं राहणं! मनवेलपाड्याला बेला मॅडम मॉडेलिंगचा क्लास घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ॲनिशाचे फोटो बघितले आणि चष्मा पुसला. "अगं, तुझी ढोपरं सगळ्या फोटोंत बसायला का निघालीत?"

कारण मला माहीत होतं. ॲनिशाच्या घरात लग्न झालं, की चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो निघायचा. दर वेळी कोणीतरी ओरडायचं, "ॲनिशा, एक पायरी खाली! ढोपर वाकव, नवरीच्या डोक्यावर जाऊ नको!" वाकून वाकून सवय लागली. कॅमेरा दिसला, की ढोपरं आपोआप दुमडायची.

ती सवय मोडायला फार दिवस गेले. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मग वाडीतल्या विहिरीपर्यंत चालायचं, परत यायचं. माझ्या पट्ट्याने तिच्या पायाला फोड आले. तिने चिकटपट्टी लावली आणि परत चालायला लागली. जाहिरातवाल्यांना फोटो पाठवायचे आणि 'कळवतो' ऐकायचं. 'कळवतो' म्हणजे 'नाही', हे आम्हा बहिणींनासुद्धा लवकरच कळलं. एकाला रंग उजळ हवा होता, दुसऱ्याला गाल भरलेले. ॲनिशा घरी येऊन रडायची, तोंड धुवायची आणि भिंतीला टेकायची. मित्रांनो, मॉडेलिंग असं असतं. चेहरा देव देतो, पण उभं आपल्यालाच राहावं लागतं.

मग पहिलं खरं काम मिळालं. विरारला जगन्नाथशेठच्या दुकानाचा लग्नाच्या कपड्यांचा शो होता. ॲनिशा नवरी आणि शेठचा पुतण्या उमंग नवरा. तालमीला दोघं शेजारी उभे राहिले आणि शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, आमचा उमंग तुझा धाकटा भाऊ वाटतो! सपाट चप्पल घाल आणि ढोपरात वाक थोडी. घागऱ्याखाली कोणाला दिसतंय?"

"काका, मला काही प्रॉब्लेम नाही हां," उमंग म्हणाला.

"तू गप रे! दुकान माझं आहे."

सोबत आलेली आई कुजबुजली, "वाक की गं. एवढ्यासाठी आलेलं काम घालवणार?"

ॲनिशा खाली बसली आणि तिने माझं बक्कल काढलं. मला वाटलं, संपलं, चला परत माळ्यावर. पण तिने पट्टा ओढला, पुढच्या भोकात घट्ट अडकवला आणि उठली.

"शेठ, वाकायची मला लहानपणापासून प्रॅक्टिस आहे. म्हणूनच सांगते, आता नाही."

"मग नवरी दुसरी बघतो."

"बघा."

शेठने खरंच दुसरी बघितली. ॲनिशाला दिली एक साधी सुती साडी आणि शोची सुरुवात. "एकटीच जा. तेव्हा लोक खुर्च्याच शोधत असतात."

गेलो आम्ही. लोक खरंच खुर्च्या शोधत होते. मी टकटक वाजायला लागले आणि ते हातातल्या खुर्च्या तशाच धरून उभे राहिले. रॅम्पच्या टोकाला पोचून ॲनिशा थांबली, ताठ. खालून फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, डोकं कापलं जातंय! जरा वाका ना!"

"तुम्ही मागे सरका," ॲनिशा म्हणाली.

आणि मित्रांनो, तो सरकला. दोन खुर्च्या पाडून सरकला!

आता माझा सोल झिजलाय. काशीराम चांभाराने दोनदा टाच ठोकून दिलीय. मला जपा. चिखल लागला तर पुसा, ओली झाले तर आत कागदाचे बोळे भरा. पण माळ्यावर टाकून 'जपून ठेवलीय' म्हणू नका. त्याला जपणं नाही, पुरणं म्हणतात.

चला, ॲनिशा हाक मारतेय. आज नव्या स्टुडिओत जायचंय. तिथलं दार म्हणे फार ठेंगणं आहे. ते त्यांनी बघावं.