घरकोंबड्या पेशी

ताईनं स्वतःच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, मूठ मिटली आणि सोबत काम करणाऱ्या बाईंपुढे हात धरला. “घ्या, आता माझं.”

प्रयोगशाळेचा नेमच तो. रुग्णाच्या रक्ताशेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त ठेवायचं, तुलनेसाठी. इतकी वर्षं तो धडधाकट माणूस म्हणजे ताईच. आज मात्र रुग्ण तिचा धाकटा भाऊ होता आणि आपल्या तब्येतीची तिला लाज वाटत होती.

भावाची साधी सर्दीही छातीत उतरायची. हात चामखिळींनी भरलेले, म्हणून घड्याळं दुरुस्त करायचा तीही घरी बसून. आजाराला नाव मिळालं तोवर केस पिकायला लागले होते. ताईनंच त्याला समजावलं होतं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरून केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारं रसायन, येऊन चिकटलं की ते आत निरोप देतात, आत कॅल्शियम वाढतं आणि पेशी त्या दिशेला ओढली जाते. मग पेशी रिसेप्टरला आत ओढून घेते, निरोप थांबतो. त्याच्या रिसेप्टरचं आतलं शेपूट जन्मतःच तोकडं, त्यामुळे ते धड आत ओढले जात नाहीत. हाडांच्या मगजातून येणारा ‘इथेच थांब’ हा निरोप चालूच राहतो. पांढऱ्या पेशी तयार होतात, पण रक्तात फारशा उतरत नाहीत.

तो हसला होता. “म्हणजे त्याही माझ्यासारख्याच घरकोंबड्या. तुझ्या मेल्या गावभर हिंडतात, ताई.”

आता पलीकडच्या इमारतीत तो न्यूमोनियानं तळमळत होता. रिसेप्टर अडवणारं एक औषध होतं, पण त्याच्या पेशी त्याला दाद देतात का, हे मोठ्या डॉक्टरांना आधी पाहायचं होतं.

तिनं तीन बशा मांडल्या. एक तिची, एक त्याची, एक त्याचीच पण औषध घातलेली. कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग तिन्हींत घातला, मग केमोकाइनचा थेंब. पडद्यावर तिच्या पेशी उजळल्या आणि मंदावल्या. त्याच्या उजळल्या त्या उजळलेल्याच राहिल्या. औषधवाल्या मात्र काळोखात शांत पडून होत्या. औषध लागू पडलं होतं. ताईला रडू आवरेना.

तिनं भावजयीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. “डॉक्टरांना सांग गं, लगेच सुरू करा म्हणावं.”

पलीकडून भावजय म्हणाली,

“ताई, ते गेले. आत्ताच गेले.”

ताईनं फोन खाली ठेवला. बाई म्हणाल्या, तुम्ही निघा, बाकीचं मी आवरते. ताईनं ऐकलं नाही. काम संपलं की बशांत ब्लीच ओतायचं असतं. तिनं आपल्या बशीत ओतलं, औषधवाल्या बशीतही ओतलं. तिसरी बशी सूक्ष्मदर्शकाखालीच होती. भाऊ गेला होता आणि त्याच्या पेशींना अजून कुणी कळवलं नव्हतं. त्या चमकत होत्या.

बाईंनी ब्लीचची बाटली उचलली, तसा ताईनं त्यांचा हात धरला.

“ही राहू दे. विझली की मी टाकते.”

ती पडद्यासमोर बसून राहिली. रक्त काढल्यावर कोपराच्या घडीत धरलेला कापूस तिनं अजून सोडला नव्हता.