एकीवरून काही सिद्ध होत नाही

“तीन दिवस माज्या हातचं खाल्लं न्हाईस, डुकराच्या मटणाला तोंड लावलं न्हाईस, आन् हाकंला आलेली मुशी सोडून रिकाम्या हातानं घरी! गाव काय म्हनंल?” गाव काय म्हणत होतं ते बोसापला चांगलं ठाऊक होतं, गेला महिनाभर तीच नवऱ्याला ते ऐकवत होती.

न्यू आयर्लंड बेटाच्या त्या किनाऱ्यावर मुशीला, म्हणजे शार्कला, हाक मारणारा तिचा नवरा तोमेरुम एकटाच उरला होता. उपास धरून होडी काढायची, करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवायचा, पूर्वजांची नावं घ्यायची. मुशी आली की फासात घेऊन गावाला वाटायची. बोलावून सोडून द्यायची, हे त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. त्यानं केलं, कारण विद्यापीठातली रोविना म्हणाली होती, “आजा, तिच्या पंखाला यंत्र लावू. ती कुठं फिरते ते कळलं, की सरकार तिथं मोठ्या जहाजांना बंदी घालील.”

आज रोविना फोन पुढं धरूनच आली. नकाशावर मुशीचा लाल ठिपका प्रवाळाच्या कडेनं वेडावाकडा फिरला होता. मग एकदम रेघ ओढल्यासारखा सरळ.

“मुशी अशी नीट पवती व्हय?”

“नाही, आजा. जहाज असं जातं.”

ठिपका आता परक्या देशात, समुद्रापासून दोन कोस आत, एका गोदामात स्वस्थ पडला होता.

“बघा! गावाला न्हाई मिळाली, पर कुनीतरी खाल्लीच की,” बोसाप म्हणाली.

“मग आता तरी बंदी?” तोमेरुमनं विचारलं.

“कचेरीत दाखवलं. साहेबांना फार आवडलं. पण एकीवरून काही सिद्ध होत नाही म्हणाले. निदान दहा पाहिजेत.”

“म्हंजे आजून नऊ.”

“माझ्याकडं दुसरा उपाय नाही, आजा.” रोविनाला त्याच्याकडं बघवेना.

उपाय त्याच्याकडंही नव्हता. तीन दिवस उपास धरून चौथ्या सकाळी त्यानं होडी काढली. मागच्या होडीत रोविना यंत्र घेऊन बसली. तो खुळखुळा हलवत होता, तोंडानं एकेका पूर्वजाचं नाव घेत होता आणि मनात मुशींना म्हणत होता, नका येऊ. आज कुणीच नका येऊ.

पाण्याखालून करडी सावली वर आली. होडीला अंग घासत मुशी थेट त्याच्या हाताशी येऊन थांबली.