पुठ्ठ्याची कड

मुलीचा घसा बसला, म्हणून ती शिकवते त्या बालवर्गावर अर्धा तास जायची पाळी माझ्यावर आली. ग्रंथालयात चाळीस वर्षं मी लोकांना गप्प बसायला सांगत आलो. बोलणं हा माझा प्रांत नव्हे. तरी वाऱ्यावरची तीन पुस्तकं वाचून टिपणं काढली. ती पाहून मुलगी कुजबुजली, "बाबा, वारा ढकलतो, एवढंच सांगायचंय. प्रबंध नको."

टेबलावर पीस, कागदाची होडी आणि दगड मांडला. मुलांनी गाल फुगवून फुंकर मारली. पीस उडालं, होडी सरकली, दगड ढिम्म. मग कपाटाच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन मी उघड्या खिडकीसमोर उभा राहिलो. बाहेर सोसाट्याचा वारा सुटला होता. मी दोन पावलं मागे गेलो आणि वर्ग खिदळला.

"आजोबा पडले!"

"पडलो नाही. वाऱ्याने ढकललं."

"माझे बाबा असते ना, तर हललेच नसते," एक गुबगुबीत मुलगा म्हणाला.

वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी पुढे आली. तिला सगळे मुंगी म्हणत.

"मला ढकलेल वारा?"

तिथे 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं. पण अर्धवट उत्तर द्यायला मला कधी जमलं नाही. मी टिपण पाहून म्हणालो, "पुठ्ठा जेवढा मोठा, तेवढा वारा जास्त अडतो आणि तेवढ्या जोरात ढकलतो. त्यात तू हलकी. म्हणजे ढकलेलच."

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. मी पुढच्या टिपणाकडे.

हात धुवायची रांग लागली तेव्हा मुलीने डोकी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. मुंगी नव्हती. खिडकीशी टेकवलेला पुठ्ठाही नव्हता.

"गच्ची!" मुलीच्या तोंडून नुसती हवा आली.

गच्ची वर्गाला लागूनच. तिचा समोरचा कठडा दुरुस्तीसाठी परवा पाडला होता. दाराला कुलूप घालणं गवंड्याचं काम, आणि गवंडी जेवायला गेला होता. मुलांना मावशींवर सोपवून आम्ही दाराशी पोचलो.

मुंगी आमच्याकडे तोंड करून उभी होती. पुठ्ठा छातीशी धरलेला, वर फक्त डोळे आणि बोटं. वारा आमच्या अंगावरून तिच्याकडे वाहत होता. तिच्या टाचांमागे चार पावलं गच्ची होती, त्यापलीकडे काही नव्हतं.

"आजोबा, ढकलतोय! खरंच ढकलतोय!"

झोत आला. तीन पावलं उरली.

मी धावणार, तोच मुलीने माझी बाही धरली. "नको! शिवाशिवी समजून मागे पळेल. बोला तिच्याशी. माझा आवाज नाही."

माझा तरी कुठे होता? 'सोड' म्हणावं, तर वाऱ्याने पुठ्ठा तिच्या अंगावरच दाबून धरला असता. तीन पुस्तकांतलं एक वाक्य आठवेना. आठवली ती फक्त मघाची होडी: मुलांनी बाजूने फुंकली तेव्हा ती भरकटली होती, आणि टोकावर फुंकली तेव्हा जेमतेम हलली होती.

"मुंगी," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "आता दुसरा प्रयोग. दार उघडतो ना, तसा पुठ्ठा फिरव. त्याची कड माझ्याकडे कर."

"का?"

"करून बघ. मग सांगतो."

पुन्हा झोत. दोन पावलं. ती फिरवेना, जीभ दातांत धरून विचार करत राहिली. मुलीची नखं माझ्या दंडात रुतली होती.

मग पुठ्ठा हळूहळू वळला आणि कडेमागून अख्खी मुंगी दिसू लागली. वारा पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेला. ती जागची हलली नाही.

"हे काय! ढकलेना!" ती हिरमुसली.

"आता तशीच कड पुढे धरून माझ्यापर्यंत चालत ये. बघू, वारा अडवतो का."

ती एकेक पाऊल मोजत आली. हाताशी आल्यावर मुलीने तिला कवटाळलं. पुठ्ठा सुटला, गच्चीवरून घसरत गेला आणि कडेपलीकडे दिसेनासा झाला. खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो.

मुंगी मुलीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

"आजोबा, दोन पुठ्ठे जोडले, तर ढकलेल?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या खिशात होतं, चौथ्या टिपणात.

"नाही," मी म्हणालो.